मुंबई ते न्यूयॉर्क: अंतर तेच, मग जाताना सोळा तास आणि येताना साडेचौदा का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. लेक-जावई न्यू जर्सीत एडिसनला राहतात. आई-बाबा जानेवारीत मुंबईहून न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळावर थेट विमानानं जाणार आहेत. इंटरनेटवर शोधलं तर अंतर साडेबारा हजार किलोमीटर आणि वेळ चौदा तास दिसतो. तिकिटावर मात्र जाताना सोळा तास आणि येताना साडेचौदा. त्यात विमानाचा माग दाखवणाऱ्या ॲपवर पाहिलं तर विमान रोज वेगळ्याच वाटेनं गेलेलं असतं. यातलं खरं काय मानायचं, आणि जावयानं त्यांना आणायला घरून निघायचं कधी?

हे सगळेच आकडे बरोबर आहेत, फक्त ते वेगवेगळ्या गोष्टींचे आहेत. साडेबारा हजार किलोमीटर हे पृथ्वीच्या पाठीवरचं सर्वांत जवळचं अंतर. चौदा तास म्हणजे वारा अजिबात नाही आणि कुठल्याही देशाची आडकाठी नाही असं धरून त्या अंतराला लागणारा वेळ. असा दिवस उजाडलेला माझ्या तरी पाहण्यात नाही. तिकिटावरचे सोळा आणि साडेचौदा हे वारा, वळसा आणि धावपट्टीपर्यंतची रांग धरून काढलेले, एका विमानतळाच्या गेटपासून दुसऱ्याच्या गेटपर्यंतचे तास. मी फ्लाइट डिस्पॅचर आहे. विमान कुठल्या वाटेनं, किती उंचीवरून न्यायचं आणि टाकीत किती इंधन घ्यायचं याचा आराखडा जमिनीवर बसून करणं हे माझं काम, आणि लांब पल्ल्याची विमानं हा त्यातला माझा जुना विषय. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी अंतर. जगाच्या सपाट नकाशावर मुंबई आणि न्यूयॉर्क पट्टीनं जोडलं तर रेघ अरबस्तान, उत्तर आफ्रिका आणि अटलांटिकवरून जाते. ती जवळची वाट नव्हे. गोल पृथ्वी सपाट कागदावर पसरताना उत्तरेकडचा भाग ताणला जातो, त्यामुळे जवळची वाट नकाशावर लांबची दिसते. घरात मुलांचा पृथ्वीगोल असेल तर दोन्ही शहरांवर दोरा ताणून धरा. दोरा मुंबईतून निघताना पश्चिमेकडे न जाता जवळजवळ उत्तरेकडे, थोडासा वायव्येला कललेला दिसेल. कच्छचं रण, सिंध, कंदाहारचा परिसर, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तानचा पश्चिम भाग असं करत तो मॉस्कोजवळून जातो. मग सेंट पीटर्सबर्गच्या दक्षिणेकडून, हेलसिंकीच्या जरा उत्तरेकडून, नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमवरून थेट आइसलंड, तिथं रेक्याविकच्या डोक्यावरून ग्रीनलंडचं दक्षिण टोक चाटून लॅब्राडोर, आणि मेन राज्यातून खाली न्यूयॉर्क. मुंबई १९ अंशांवर, न्यूयॉर्क ४१ अंशांच्या आत, आणि त्यांना जोडणारी सगळ्यांत जवळची वाट चढते ६५ अंशांच्या जवळ, आइसलंडच्या पूर्वेच्या समुद्रात.

ज्यांना आकडा स्वतः पडताळायचा असेल त्यांनी मुंबई उत्तर १९.०९, पूर्व ७२.८७ आणि जेएफके उत्तर ४०.६४, पश्चिम ७३.७८ धरावं. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार एका बाजूला. दुसऱ्या बाजूला दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनचा गुणाकार करून त्याला रेखांशांतल्या फरकाच्या, म्हणजे १४६.६५ अंशांच्या, कोसाइननं गुणायचं. दोन्हींची बेरीज करून व्यस्त कोसाइन काढला की ११२.७ अंश येतात. एका अंशाचे साठ नॉटिकल मैल, म्हणजे झाले ६,७६०. एक नॉटिकल मैल १.८५२ किलोमीटरचा, म्हणून साधारण १२,५२० किलोमीटर. पृथ्वी ध्रुवांकडे थोडी चपटी असल्यानं कुठं दहा-वीस किलोमीटर इकडेतिकडे दिसतील, ते सोडून द्या. जेएफकेऐवजी न्यूअर्क धरलं तरी दहा-पंधरा किलोमीटरचाच फरक पडतो.

आता वेळ. या मार्गावरची मोठी विमानं, मुख्यतः बोइंग ७७७, आवाजाच्या वेगाच्या ८४ टक्के वेगानं जातात. पस्तीस हजार फुटांवर हवा उणे ५४ अंशांची असते. त्या थंडीत आवाजाचाच वेग कमी होतो, त्यामुळे हे ८४ टक्के म्हणजे साधारण ४८५ नॉट (ताशी तेवढे नॉटिकल मैल), म्हणजे ताशी ९०० किलोमीटरच्या जवळपास. ६,७६० भागिले ४८५ केलं की चौदा तास येतात. चढणं-उतरणं संथ असतं, त्याची पंधरा-वीस मिनिटं वेगळी. इंटरनेटवरचे 'चौदा तास' इथून येतात. गणित चोख आहे, पण त्यात हवा जागची हलत नाही.

आमच्या धंद्यातली कळीची गोष्ट पुढची आहे. ४८५ नॉट हा विमानाचा हवेतला वेग, जमिनीवरचा नव्हे. खुद्द हवाच पूर्वेकडे वाहत असेल तर विमान तिच्यासोबत वाहतं किंवा तिच्याविरुद्ध झगडतं, नदीत होडीचं होतं तसंच. म्हणून आराखड्याच्या कागदावर आम्ही दोन अंतरं मांडतो: एक जमिनीवरचं, एक हवेतलं. इंधन जळतं ते हवेतल्या अंतराचं. घड्याळही त्याच्यावरच चालतं.

आकडे घालून पाहा. प्रत्यक्ष वाट वळशांमुळे थोडी लांबते, ती १३,००० किलोमीटर म्हणजे ७,०२० नॉटिकल मैल धरू. हिवाळ्यात पश्चिमेकडे जाताना अख्ख्या वाटेवर सरासरी ३० नॉट वारा समोरून आहे असं माना. सरासरी तीस म्हणजे मधल्या पट्ट्यांत शंभरही असू शकतो. जमिनीवरचा वेग उरतो ४५५ आणि वेळ होतो १५ तास २६ मिनिटं. येताना तोच वारा पाठीशी, वेग ५१५, वेळ १३ तास ३८ मिनिटं. आता हे तास ४८५ नं गुणून हवेतलं अंतर काढा. जाताना जवळजवळ ७,४८० नॉटिकल मैल, येताना ६,६१० च्या आसपास. म्हणजे खालची जमीन तीच असली तरी जाताना विमान हवेतून येतानापेक्षा १,६०० किलोमीटर जास्त कापतं. मुंबईहून दिल्लीला जायचं आणि निम्म्या वाटेपर्यंत परत यायचं, साधारण तेवढं. तुमच्या तिकिटावरचा दीड तासाचा फरक हा एवढाच आहे.

यावर हमखास ऐकू येणारी शंका: 'जाताना तोटा, येताना नफा, एकूण हिशेब सारखाच ना?' नाही. विरुद्ध वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकून राहतं, अनुकूल वाऱ्यात कमी वेळ राहतं, त्यामुळे नफा तोट्याला कधीच पुरत नाही. तीस नॉटच्या वाऱ्यात जाऊन-येऊन सहा-सात मिनिटंच बुडतात. पण सरासरी साठ नॉट धरा, अर्धा तास गेला.

दुसरा एक समज याहून चिवट आहे. शाळेतल्या विज्ञानाच्या शिक्षकांकडूनही मी तो ऐकला आहे. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणून म्हणे पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानाला ठिकाण 'समोरून येऊन भेटतं'. असं असतं तर मुंबईच्या अक्षांशावर जमीन ताशी सुमारे १,५८० किलोमीटरनं फिरते, मग विमान नुसतं हवेत उभं राहिलं असतं तरी चाललं असतं. शिवाय पश्चिमेकडचा प्रवास लवकर उरकला असता. प्रत्यक्षात तोच जास्त वेळ घेतो. वातावरण पृथ्वीसोबतच फिरतं. पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम आहे, पण आडवाटेनं: विषुववृत्ताकडची गरम हवा ध्रुवाकडे सरकू लागली की फिरण्यामुळे ती पूर्वेकडे वळते, आणि उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे अरुंद, वेगवान झोत तयार होतात. त्यांनाच जेट स्ट्रीम म्हणतात.

उष्ण आणि थंड पट्ट्यांतल्या तापमानाचा फरक हिवाळ्यात सर्वांत जास्त, म्हणून हे झोतही तेव्हाच सर्वांत जोमात. त्यातला एक उत्तर भारत, इराण, अरबस्तान या पट्ट्यावरून वाहतो, दुसरा त्याच्या उत्तरेला अटलांटिकवर वेड्यावाकड्या वळणांनी फिरत असतो. मुंबईचं विमान निघतं ते पहिल्याला तोंड देत, आणि अर्ध्या वाटेत दुसरा भेटतो. ८-९ फेब्रुवारी २०२० च्या रात्री, सिआरा वादळ अटलांटिकवर होतं तेव्हा, ब्रिटिश एअरवेजचं एक ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. एरवी सहा-सव्वासहा तासांची वाट. जमिनीवरचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता. बातम्यांत 'आवाजापेक्षा जलद' असंही छापून आलं, पण विमान हवेच्या हिशेबात नेहमीच्याच वेगानं चाललं होतं, धावत होती ती हवा. त्याच रात्री उलट्या दिशेनं जाणाऱ्यांचे काय हाल झाले असतील याची चर्चा फारशी झाली नाही.

उन्हाळ्यात चित्र बदलतं. उत्तर भारतावरचा झोत जूनपर्यंत हिमालयाच्या पलीकडे सरकतो. पावसाळ्यात तर आपल्या डोक्यावर उंच उलट दिशेचा, पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारा झोत तयार होतो. त्याचं वर्णन पी. कोटेश्वरम या भारतीय हवामानशास्त्रज्ञानं १९५८ साली केलं होतं. तो विमानांच्या उंचीच्या वर असतो, पण त्याच्या खालच्या भागाचा थोडा धक्का मुंबईहून पश्चिमेला निघालेल्या विमानाला जुलै-ऑगस्टमध्ये पहिल्या तास-दोन तासांत मिळतो. आई-बाबांचं जाणं जानेवारीत आहे, तेव्हा हा फायदा त्यांच्या वाट्याला नाही.

हवेतलं अंतर जमिनीवरच्या अंतरावर कशी मात करतं याचं याहून स्पष्ट उदाहरण दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को. एअर इंडियानं ही थेट सेवा डिसेंबर २०१५ मध्ये सुरू केली तेव्हा विमान अटलांटिकवरून, म्हणजे पश्चिमेकडून जायचं. ती वाट सुमारे १३,९०० किलोमीटरची. ऑक्टोबर २०१६ पासून तेच विमान उलट, पूर्वेकडे पॅसिफिकवरून पाठवायला सुरुवात केली. वाट झाली सुमारे १५,३०० किलोमीटरची, आणि प्रवास साडेचौदा तासांवर आला, आधीपेक्षा कमी. चौदाशे किलोमीटर वाढवून वेळ वाचला, कारण वारा पाठीवर घेतला.

इथवर निसर्गाचं झालं. माणसांनी घातलेल्या आडकाठ्या याहून लहरी असतात. वरती दोऱ्याची वाट सांगितली ती पुन्हा वाचा: सिंध, अफगाणिस्तान, रशिया. ज्या देशाच्या आकाशातून जायचं त्याची परवानगी लागते, त्याला शुल्क द्यावं लागतं. बालाकोटनंतर २७ फेब्रुवारी २०१९ ला पाकिस्ताननं आकाश बंद केलं ते जुलैच्या मध्यावर उघडलं. त्याच वर्षी जूनमध्ये इराणनं अमेरिकेचं ड्रोन पाडलं आणि युनायटेड या अमेरिकी विमान कंपनीनं न्यूअर्क–मुंबई सेवाच काही काळ थांबवली. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल पडलं आणि अफगाणिस्तानच्या आकाशात विमानांना वाट दाखवणारं कोणी उरलं नाही. तेव्हा अमेरिकेहून दिल्लीला येणाऱ्या विमानांना ऐन वेळी शारजाला उतरून इंधन घ्यावं लागलं होतं. फेब्रुवारी-मार्च २०२२ मध्ये युक्रेनच्या युद्धामुळे रशियाचं आकाश अमेरिकी, कॅनेडियन आणि युरोपीय कंपन्यांना बंद झालं. भारतीय कंपन्यांना ते खुलं राहिलं, त्यामुळे एकाच मार्गावर दोन कंपन्यांची वाट आणि वेळ वेगळी दिसू लागली. युनायटेडनं तर तेव्हा मुंबईची सेवा पुन्हा थांबवली. पहलगामच्या हल्ल्यानंतर २४ एप्रिल २०२५ पासून पाकिस्ताननं भारतीय विमानांना पुन्हा बंदी घातली, आणि जूनमध्ये इस्रायल-इराण युद्धात इराण, इराकचंही आकाश बंद झालं. मुंबईहून वायव्येला जाणाऱ्या आराखड्यात त्या दिवसांत उरली होती ती सौदी अरेबिया, इजिप्त अशी खालची वाट.

अशा नोटीस, म्हणजे नोटॅम, कधी कधी विमान हवेत असताना येतात. मग आराखडा नव्यानं, इंधन तेवढंच धरून करायचा. ॲपवर कधी अर्ध्या वाटेतून परत फिरलेलं विमान दिसतं, त्यामागे दर वेळी बिघाडच असतो असं नाही, कधी हेही असतं.

असं असलं तरी भूगोलानं मुंबईला बरंच सांभाळून घेतलंय. मुंबईहून आधी इस्तंबूलवर जाऊन तिथून न्यूयॉर्क धरलं, तर सर्वांत जवळच्या वाटांची बेरीज १२,८६० किलोमीटर होते, म्हणजे थेट दोऱ्यापेक्षा फक्त साडेतीनशेच्या आसपास जास्त. आणखी खाली रियाधवरून गेलं तरी १३,२५०, सातशेची वाढ. लांब दोऱ्याचा मधला भाग थोडा बाजूला ओढला तर एकूण लांबी फार वाढत नाही, त्यातला हा प्रकार. आणि मुंबईतून निघालं की समोर समुद्रच असतो, पाकिस्तान टाळायला वळायची फारशी गरज पडत नाही. दिल्लीचं तसं नाही. दिल्ली–न्यूयॉर्क थेट अंतर मुंबईपेक्षा साताठशे किलोमीटरनं कमी, पण पाकिस्तान बंद झाला की त्या विमानाला आधी खाली राजस्थान-गुजरातकडून समुद्रावर यावं लागतं. म्हणून २०२५ मध्ये दिल्लीची काही विमानं इंधनासाठी व्हिएन्नाला थांबवावी लागली. मुंबईकरांनी दिल्लीच्या बातम्या वाचून आपल्या प्रवासाचा अंदाज बांधू नये.

ॲपवर रोज वेगळी वाट दिसते तिचा उलगडा आता झाला असेल. वाऱ्याचे अंदाज जगभरातल्या विमानांना लंडन आणि वॉशिंग्टनच्या दोन केंद्रांतून दर सहा तासांनी मिळतात. ते घालून संगणक अनेक वाटा तपासतो आणि एकूण खर्चात स्वस्त पडेल ती पुढे करतो. डिस्पॅचर ती बघतो: बंद आकाश, वादळ, कुठं उंच डोंगर आणि खाली उतरायला जागा नाही, कुठल्या देशाचं शुल्क जास्त. अटलांटिकवर तर वाटाच रोज नव्यानं आखल्या जातात. पश्चिमेकडे जाणाऱ्यांच्या वाटा शॅनविक या ब्रिटन-आयर्लंडकडच्या हवाई नियंत्रण केंद्रातून, पूर्वेकडे येणाऱ्यांच्या कॅनडातल्या गँडरच्या केंद्रातून. जाणाऱ्यांना झोत टाळायचा असतो, येणाऱ्यांना त्याच्यावर स्वार व्हायचं असतं. त्यामुळे आई-बाबा जाताना कदाचित आइसलंड-ग्रीनलंडकडून जातील आणि येताना त्याच्या हजार-दीड हजार किलोमीटर दक्षिणेकडून येतील.

दोन इंजिनांच्या विमानाला आणखी एक अट असते: एक इंजिन बंद पडलं तर ठरावीक वेळात पोचता येईल असं विमानतळ सतत आवाक्यात हवं. अटलांटिकवर तो आधार म्हणजे आइसलंडचं केफ्लाविक, कॅनडाचं गूज बे आणि गँडर. एप्रिल २०१० मध्ये आइसलंडच्या एय्याफ्याल्लायोकुल ज्वालामुखीची राख युरोपभर पसरली, तेव्हा वाट गेली आणि आधारही गेला. हे नाव उच्चारायला आमच्या खोलीत त्या आठवड्यात कोणालाच जमलं नाही.

'मग सरळ इंधन जास्त भरायचं, वळसा घालायचा,' असंही लोक म्हणतात. सोळा तासांच्या उड्डाणाला ७७७ ला शंभर टनांच्या वर इंधन लागतं. पण इंधन वाहून न्यायलाच इंधन लागतं: जादा घेतलेल्या प्रत्येक टनातला ३-४ टक्के भाग दर तासाला त्याचंच ओझं वाहण्यात जळतो. सोळा तासांत टनाला निम्मा टनही उरला तर समाधान मानावं, अशी गत. शिवाय विमानाच्या एकूण वजनाला मर्यादा आहे. ती गाठली की इंधन वाढवायचं तर माल किंवा माणसं कमी करायची. हिवाळ्यातल्या वाईट वाऱ्याच्या दिवशी पश्चिमेकडच्या उड्डाणात आम्ही आधी मालाला कात्री लावतो, मग मोकळ्या सीटा विकणं थांबवतो. म्हणूनच १९६० मध्ये एअर इंडियानं बोइंग ७०७ नं न्यूयॉर्कची सेवा सुरू केली ती लंडनमार्गे होती, आणि मुंबईहून न थांबता जाणारं विमान यायला २००७ उजाडलं, ७७७ चा खास लांब पल्ल्याचा प्रकार हाती आला तेव्हा.

वेग वाढवून उशीर भरून काढण्याबद्दलही सांगून टाकतो. ८४ टक्क्यांचे ८६ केले तर पंधरा तासांत वीस मिनिटं वाचतात, आणि त्यासाठी इंधन बेसुमार जातं. दोन तास उशिरा सुटलेलं विमान वेळेवर पोचलं, तर ते श्रेय बहुतेक वेळापत्रकात आधीच घालून ठेवलेल्या सैल वेळेचं आणि वाऱ्याचं.

तिकिटावरचे तास आता सोपे होतील. ते विमान मुंबईत जागेवरून मागे ढकललं जातं तेव्हापासून जेएफकेला चाकांना ठोकळे लागेपर्यंतचे असतात. वरचे १५ तास २६ मिनिटं, त्यात चढण्या-उतरण्याची पंधरा, दोन्हीकडच्या धावपट्टीच्या रांगेची पस्तीसेक. झाले सव्वासोळा. येताना तसेच साडेचौदाच्या जवळ. कंपनी हा आकडा मागच्या हंगामांतल्या प्रत्यक्ष वेळा पाहून ठरवते. वेळापत्रक वर्षातून दोनदा, मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतं, म्हणून हिवाळ्याच्या आणि उन्हाळ्याच्या तिकिटांवरचे तासही सारखे नसतात.

घड्याळाचा गोंधळ मात्र आई-बाबांना आधीच समजावून ठेवा. जानेवारीत न्यूयॉर्क आपल्या साडेदहा तास मागे असतं. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत साडेनऊ. समजा रात्री दीडला विमान सुटलं. सोळा तासांनी भारतात संध्याकाळचे साडेपाच झालेले असतील, पण खाली न्यूयॉर्कला त्याच दिवशीचे सकाळचे सात. कागदावर प्रवास साडेपाच तासांचा. बहुतेक उड्डाण अंधारात होईल, कारण विमान रात्रीच्याच दिशेनं पळतं. येताना सकाळी साडेअकराला निघून साडेचौदा तासांनी मुंबईत दुसऱ्या दिवशीचे दुपारी साडेबारा. कागदावर पंचवीस तास. बाबांना रक्तदाबाच्या किंवा साखरेच्या गोळ्या असतील तर त्या कुठल्या घड्याळानं घ्यायच्या हे निघण्याआधी डॉक्टरांना विचारा, आणि हातातलं घड्याळ उतरेपर्यंत भारताच्याच वेळेवर राहू द्या.

राहिला जावयांचा प्रश्न. तिकिटावरच्या वेळेकडे पाहून निघू नका. विमान मुंबईतून प्रत्यक्ष किती वाजता हवेत गेलं ते बघा, त्यात जानेवारीसाठी साडेपंधरा तास मिळवा. पण खरा भरवशाचा आकडा मिळतो विमान ग्रीनलंडच्या टोकापाशी किंवा लॅब्राडोरच्या किनाऱ्यावर आल्यावर. तिथून पुढे साधारण चार तास किंवा त्याहून कमी उरतात, आणि ॲपवरचा अंदाज सहसा दहा-पंधरा मिनिटांपेक्षा चुकत नाही. न्यूयॉर्कला बर्फ किंवा धुकं असेल तर मात्र हवेत घिरट्या घालाव्या लागतात, त्याचा अर्धा-पाऊण तास वेगळा. चाकं टेकल्यावर इमिग्रेशन आणि सामान यात सकाळच्या गर्दीत तास-दीड तास सहज जातो, व्हीलचेअर मागितली असेल तर कधी कमी, कधी जास्त. एडिसनहून जेएफकेला सकाळच्या वाहतुकीत दीड ते दोन तास धरले, तर विमान उतरायच्या अर्धा तास आधी गाडी काढली तरी चालेल. आईंच्या फोनवर आंतरराष्ट्रीय रोमिंग मुंबईतूनच सुरू करून द्या, म्हणजे त्या बाहेर कुठल्या दारापाशी उभ्या आहेत ते कळेल.